पुंडलिकबाब काही मागत नाहीत

पंचांनी चेंडू वर उडवला की बास्केटबॉलचा सामना सुरू होतो, असं नियमांच्या पुस्तकात लिहिलंय. आमच्या कॉलेजचा सामना मात्र नारळाने सुरू होतो. मैदानाच्या मधोमध आखलेल्या गोलात पुंडलिकबाब केरकर नारळ ठेवतात, चपला काढतात, हात जोडतात आणि आभाळाकडे तोंड करून हाक घालतात, "बा देवा, राखणदारा म्हाराजा!"

मागे अर्ध्या चड्डीत उभे असलेले आमचे बारा खेळाडू एका दमात म्हणतात, "व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां ह्या रिंगणात उभी रवली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंचे पाय मुरगळू नयेत, बोटां मोडू नयेत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"समोरचीय कोणाची तरी लेकरांच, तेंकाय सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि खेळ संपल्यार शेवटची बस चुकू नये म्हाराजा!"

ह्या शेवटच्या मागणीला सगळ्यात मोठा होकार येतो, कारण अर्धा संघ लाटंबार्से आणि पेडण्याच्या टोकाकडून येणारा.

मी मूळची गडहिंग्लजची. नवऱ्याला डिचोलीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे गोव्यात आले आणि ह्या कॉलेजात मराठी शिकवू लागले. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. सासूची, नळाच्या पाण्याची, शेजारच्या कोंबड्यांची. इथे शुभकार्याला गावचा वडीलधारा उभा राहून देवाला साद घालतो आणि सगळ्यांच्या वतीने मागतो, ते गाऱ्हाणं. लग्नात घालतात, नाटकाआधी घालतात, नवा ट्रक आणला तरी घालतात. पण बास्केटबॉलच्या मैदानावर गाऱ्हाणं घालणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा समोर मडगावचा संघ होता. त्यांचा कॅप्टन आधी गोंधळला, मग त्याने मनोभावे छातीवर क्रूस काढला. तिसऱ्या होकारापासून त्यांचीही दोन मुलं आमच्यात सूर मिसळू लागली.

पणजीहून आलेल्या एका कडक पंचाने एकदा घड्याळ दाखवून दम भरला. पुंडलिकबाब तेव्हा खेळून गेलेल्या मुलांच्या नावांपर्यंत पोचले होते. मधेच थांबणं त्यांना जमलं नाही. पंचाने बाकड्यावर फाउल लावला, समोरच्यांनी मोकळा थ्रो घेतला आणि सामना सुरू होण्याआधीच आम्ही एका गुणाने मागे पडलो. देवाचं नाव घेतलं म्हणून पिछाडीवर गेलेला दुसरा संघ कुठे असेल तर मला कळवा. पुंडलिकबाब पंचाला एवढंच म्हणाले, "फाउल माका लावा, सायबा. देवाक लावू नकात."

हे पुंडलिकबाब म्हणजे खेळाचे शिक्षक नव्हेत. नोकरी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये. नळकांडी धुवायची, ॲसिडच्या बाटल्या रांगेत लावायच्या. संघात ते कधी खेळले नाहीत, उंची जेमतेम माझ्याएवढी. विशीत नोकरीला लागले तेव्हा कोणीतरी त्यांच्या हातात चेंडूंची जाळी दिली आणि 'मुलांबरोबर जा' म्हणून सांगितलं. ते जे गेले ते गेलेच. पाण्याची कळशी, चुन्याची पिशवी, मुरगळलेल्या पायाला लावायचं तेल आणि नारळ एवढं सामान घेऊन पस्तीसेक वर्षं ते बाकड्याच्या शेवटच्या टोकाला बसत आलेत.

त्यांची दुसरी खोड कळायला मला वर्ष लागलं. पुंडलिकबाब काही मागत नाहीत. म्हणजे अजिबातच नाही. स्टाफरूममध्ये चहा फिरतो, चहावाल्याने त्यांना चुकून वगळलं तर ते बिनचहाचे राहतात. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दिलास तर घेतंय, मागूचंय नाय."

आधी मला हा मानी स्वभाव वाटला. मग मी बारकाईने पाहू लागले, आणि तो माणूस किती कसरत करतो ते पाहून थक्क झाले. पाववाला पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत येतो, तर पुंडलिकबाब त्याला 'चार पाव दे' म्हणत नाहीत. ते म्हणतात, "आज पाव बरे फुगलेत." पोदेर शहाणा, न विचारता चार काढून देतो. औषधाच्या दुकानात जाऊन ते आपली डोकेदुखी सांगतात, अगदी तपशीलवार, डाव्या कानामागून कशी निघते आणि कुठवर जाते ते, आणि दुकानदार गोळी काढेपर्यंत वर्णन चालू ठेवतात. बसमध्ये कंडक्टरला फक्त गावाचं नाव. एकदा त्यांना ताप होता, अंगाला हात लावला तर चटका बसत होता, तरी कामावर हजर. मी रागावले. "रजा घ्यायची की!"

"रजेचो अर्ज करूक लागता, बाय."

"मग करा."

"अर्जात 'विनंती' असता," ते म्हणाले आणि नळकांडी धुऊ लागले.

त्या दिवशी मी स्वतः प्राचार्यांकडे जाऊन त्यांना घरी पाठवायला लावलं. दिलेली रजा त्यांनी मुकाट घेतली. मी मात्र मनात त्यांच्या नावापुढे 'चक्रम' असा शेरा मारून मोकळी झाले. मला लाल पेनाची सवय आहे. माणसांवरही ते चालतं.

ह्या वर्षी कॉलेजचा वर्धापनदिन मोठा करायचं ठरलं आणि स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. प्राचार्यांनी यादी दिली. त्यात चौथ्या क्रमांकावर होतं, 'पुरुष बास्केटबॉल संघाचा इतिहास, दोन पानं'. खेळाच्या खोलीतली जुनी कागदपत्रं वाळवीने खाल्ली होती. शिल्लक होते पुंडलिकबाब. ते ह्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार होते.

मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर बसले. "सांगा, संघ कधी सुरू झाला?"

ते मग उठून उभे राहिले, हात जोडले. माझ्याकडे आशेने बघू लागले. मला काही उमगेना. शेवटी तेच ओशाळून म्हणाले, "बाय, कोणीतरी 'व्हय' म्हटल्याबिगर पुढचा आठवणा नाय."

तेव्हा ऐका. स्टाफरूममध्ये, इंग्रजीचे प्राध्यापक चष्म्यावरून बघत असताना, मी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होते आणि टाइप करत होते. पाच दुपारी हा प्रकार चालला. दुसऱ्या दुपारपासून इंग्रजीचे प्राध्यापकही पुटपुटू लागले.

काय सांगू त्या दुपारी कशा गेल्या! बाहेर काजूच्या मोहराचा वास, वर पंख्याची घरघर, आणि पुंडलिकबाबांचा आवाज गाऱ्हाण्याच्या लयीत वर-खाली होत चाललेला. त्यांच्या इतिहासात तारखा नव्हत्या. 'काजू उशिरा लागले त्या वर्साक', 'खाणी बंद झाल्या त्या वर्साक', 'फेरीबोट बिघाडली त्या वर्साक', असा हिशोब. ऐकता ऐकता माझे डोळे जड होत आणि समोर ते लाल मातीचं मैदान दिसू लागे. फणसाच्या फळीचे बोर्ड, खाणीच्या वर्कशॉपात कोणा पालकाने जोडून दिलेले लोखंडी खांब, आणि त्या रिंगकडे संथ चाललेला चेंडू. त्यांच्या सांगण्यात चेंडू कधी पटकन पोचत नसे. तो वर जाई, तिथे थोडा थांबे, तेवढ्यात पुंडलिकबाब तो टाकणाऱ्याच्या आईचं नाव, गाव, भावंडं सांगून येत, आणि मग कुठे तो खाली येई.

शिरगावचा डावखुरा मंगेश त्यांनी असा उभा केला की मी त्याला ओळखीचा धरून चालले. मंगेश चेंडू सोडला की डोळे मिटायचा. जाळीचा आवाज ऐकूनच त्याला कळायचं. तो लईराई देवीच्या जत्रेचा धोंड, म्हणजे निखाऱ्यांवरून चालणारा व्रतस्थ. व्रताच्या दिवसांत दुसऱ्याच्या हातचं पाणीही घेत नसे. सराव चुकवायचा नाही आणि व्रतही मोडायचं नाही, मग पुंडलिकबाबांनी त्याच्यासाठी वेगळी कळशी आणून ठेवली. ती मंगेशने स्वतः भरायची, स्वतः उचलायची, आणि इतरांनी तिला हात लावू नये म्हणून पुंडलिकबाब पाच दिवस राखणदारासारखे तिच्याजवळ उभे.

आमचा संघ का हरायचा, त्याचंही उत्तर ह्या इतिहासात मिळालं. घरच्या मैदानावर आम्ही वाघ, बाहेर गेलो की शेळी. बाहेर आमच्या मुलांचे चेंडू रिंगवरून पलीकडे जायचे. पुष्कळ वर्षांनी एका नव्या सरांनी टेप लावून मोजलं तर आमची रिंग चांगली चार बोटं उंच. खांब कोणी चुकीचे रोवले नव्हते. दर पावसाळ्यात मैदानाची माती थोडी थोडी वाहून जात होती. रिंग जागच्या जागी राहिली आणि जमीनच खाली गेली. सरांनी भराव घालायचा ठराव मांडला तेव्हा पुंडलिकबाबांना वाईट वाटलं होतं. "उंच मारूची सवय बरी, बाय," ते मला म्हणाले. "पोरगो लग्नाक, नोकरेक खंय कमी पडूचो नाय."

तर असा तो इतिहास. पराभव सगळे बारकाईने. कोण किती गुणांनी, कोणाच्या बुटाचा तळ निघाला, परतताना कोण बसमध्ये रडलं. पाचव्या दुपारी लिहिलेलं वाचताना माझ्या लक्षात आलं, की ह्यात एकही विजेतेपद नाही. आणि प्राचार्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात तर आंतरमहाविद्यालयीन चषक आहे, एकुलता एक, मी रोज बघते!

"पुंडलिकबाब, चषकाचं वर्ष राहिलं."

"ता वरस सांगूचा नाय."

"अहो, तेच तर मुख्य!"

"तां सोडून दे, बाय," म्हणाले आणि चपला घालून चालते झाले. मी चिडले. एखाद्याने निबंधाचा मधला परिच्छेद गाळावा आणि वर शहाणपण शिकवावं, तसं वाटलं मला.

त्या वर्षीचा कॅप्टन दत्ता मळीक. लाटंबार्शाला त्याची काजूची बाग आहे, पन्नाशी गाठलीय, पोटही गाठलंय. मी रविवारी नवऱ्याच्या स्कूटरवर बसून त्याच्याकडे धडकले. तो अंगणात बिया वाळत घालत होता. चषकाचं नाव काढताच त्याचा चेहरा फुलला.

"मॅडम, फायनल म्हापशाक. आमी एका गुणान फाटीं. सात सेकंद उरिल्ले. टाइमआउट घेतलो. सरांनी कितें सांगलें तें आयज लेगीत याद ना, पुण पुंडलिकबाब मदीं घुसलो आनी आमचे हात एकामेकांचेर दवरून ल्हानशें गाऱ्हाणें घालूंक लागलो. त्यापयलीं आनी त्याउपरांत ताणें केन्नाच जीत मागूंक ना. फकत त्या दिसा मागली."

"एकदाच जिंकणं मागितलं? काय म्हणाले?"

दत्ता हसला आणि त्यांच्या आवाजाची नक्कल केली. "'म्हाराजा, ह्या लेकरांका येवढी एक जीत दी. मगे माका कायेक नको. जल्मात माझ्यासाठी तुझ्याकडे, कोणाकडे कायेक मागूचंय नाय!' आनी आमी सगळे बोवाळले, 'व्हय म्हाराजा!'"

मग त्याने तो शेवटचा चेंडू सांगितला. मध्यरेषेच्या अलीकडून मारलेला, रिंगवर आपटून सरळ वर गेलेला, सगळं मैदान मान वर करून उभं, आणि तो सरळ जाळीतून खाली. मुलांनी पुंडलिकबाबांना खांद्यावर घेतलं. ते ओक्साबोक्शी रडत होते. "खोशयेन रडटा अशें दिसलें आमकां," दत्ता म्हणाला.

मी हसत नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर चहाचा तो वगळलेला कप होता, पोदेर होता, न केलेला रजेचा अर्ज होता. मी दत्ताला ते सगळं सांगितलं. त्याचं हसू हळूहळू गेलं. हातातल्या बिया त्याने परत सुपात टाकल्या. "मॅडम, आमकां कितें खबर! तो कितेंय सांगूं, आमी 'व्हय' म्हणटाले. सवय ती. आयकलेंच ना आमी, तो कितें म्हणटा तें."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले. दार लावून घेतलं आणि पुंडलिकबाबांना थेट विचारलं. ते बराच वेळ एकच नळकांडं पुसत राहिले. मग बसले आणि सांगितलं, इतकं साधं, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट.

त्या वर्षी केरीला, त्यांच्या गावी, त्यांच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगी तेरेखोलच्या बाजूची. शनिवारी ते घरी जात, तेव्हा फेरीबोटीत ती दिसायची. ती कठड्याला टेकून पाण्याकडे बघायची आणि हे तिच्याकडे. नदी रुंद नव्हे, दहा मिनिटांत पलीकडे. दहा मिनिटांत कोण काय बोलणार? दोघं कधी बोलली नाहीत. पण एकदा तिने ओल्या दोरावरून त्यांचा पाय घसरताना पाहिला आणि हसली, आणि ते हसू घेऊन ते आठवडाभर डिचोलीत फिरले. मोठ्यांचं जमलं होतं. आता फक्त देवाचा प्रसाद घ्यायचा राहिला होता. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, विचारायचं, आणि उजवी पाकळी पडली तर देवाचा कौल मिळाला. त्याशिवाय त्यांच्या घरात लग्न होत नाही.

"मग?"

"मगे काय, बाय. प्रसाद लावचो म्हणजे देवाकडे मागणाच. आणि मी तर पंधरा दिसांआधी सबद दिललंय. बारा जणांनी 'व्हय' म्हटललो सबद."

"आईला सांगितलंत हे?"

"कसा सांगू? ती म्हणाली असती, बॉलाच्या खेळापायी सून घालवलस." ते थोडं हसले. "तिका म्हटलंय, माका लगीन करूचा नाय. फुडच्या वर्साक ती फेरीबोटीत दिसली, नवऱ्यावांगडा. बरो होतो दिसाक."

मला त्यांचा रागही आला आणि भरूनही आलं. मुलांच्या एका चषकासाठी ह्या माणसाने तीस वर्षं तोंड मिटून काढली, आणि तो चषक आम्ही धूळ पुसून काचेत ठेवलाय. माझा 'चक्रम' हा शेरा मी मनातल्या मनात खोडला. मी म्हटलं, "पुंडलिकबाब, निवृत्तीनंतर काय करणार?"

"केरयेक जातलंय. आई गेल्यापासना घर आयतवार सोडून बंदच असता."

"आणि संघ?"

त्यांनी दुसरं नळकांडं पुसायला घेतलं. निवृत्त माणसाने संघाबरोबर जायचं तर परवानगी मागावी लागते. प्राचार्यांना मी आधीच गाठलं होतं, ते स्वतःहून 'येत जा' म्हणणार होते. बाकड्याची चिंता मिटली होती. पण बाकड्याची गोष्ट मला दिसली म्हणून मी ती मिटवली. जे मला दिसत नव्हतं, त्याचं काय? हा माणूस आता पार एकटा राहायला निघाला होता, आणि आपल्याला काय हवंय हे तो कोणाला सांगणार नव्हता.

दत्ताने इकडे गावच्या जाणत्या गावकराला गाठलं. असा शब्द सुटतो का? म्हातारा विचार करून म्हणाला, "ज्यांनी व्हय म्हटलां, तेंनीच सोडवूक व्हया. आणि मगे तेणां सोता मागूक व्हया. नाय मागलां तर सुटलो नाय."

वर्धापनदिनाला जुन्या आणि नव्या खेळाडूंचा सामना ठेवला होता. दुपारी चारची वेळ, उन्हं तिरकी, भराव घातलेलं मैदान ताजं शिंपडलेलं. जुन्यांच्या बनियनांत त्यांची पोटं मावत नव्हती. मंगेशही आला होता, डावा खांदा दुखतो म्हणत. पुंडलिकबाबांनी नारळ ठेवला, चपला काढल्या. तोंड उघडणार तोच दत्ता पुढे झाला.

"रावात, पुंडलिकबाब. आयज पयलें आमचें." त्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, म्हापशाच्या मैदानार आमी न आयकतां व्हय म्हटलें. आमी भुरगीं आशिल्लीं. ह्या मनशाचें तोंड आमी बांदलें. ती चूक आमची. तो सबद आयज आमी फाटीं घेतात म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्या वर्षीच्या बारापैकी नऊ जण आले होते. नऊच्या नऊ ओरडले.

"आतां तुमी मागात," दत्ता म्हणाला. "तुमकां जाय तें."

पुंडलिकबाब गोंधळून माझ्याकडे बघू लागले. मी मान हलवली. त्यांनी घसा साफ केला, आभाळाकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात सुरू केलं, "ह्या लेकरांचे पाय मुरगळू नयेत म्हाराजा!"

कोणीच काही बोललं नाही.

इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. नऊ पोटं सुटलेली माणसं आणि बारा तरणी पोरं ओठ घट्ट मिटून उभी.

"शेवटची बस चुकू नये म्हाराजा," ते जरा हळू म्हणाले.

एका नव्या मुलाच्या तोंडून 'व्ह' निघालाच होता, दत्ताने त्याच्या पायावर पाय दिला. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं आणि हात खाली केला. कुंपणापलीकडे कोणीतरी गाई हाकत होतं, तेवढाच आवाज.

पुंडलिकबाबांची मान खाली गेली. ते नारळाकडे बघत होते. बऱ्याच वेळाने बोलले, आणि ते गाऱ्हाण्यासारखं नव्हतंच. "म्हाराजा... आयतवारी मी केरयेक असतंय. भात दोन माणसांचो लावतंय. आई होती तेव्हाची सवय. एक ताट मांडतंय, मगे दुसरा काढतंय आणि परत ठेवतंय." त्यांनी नारळ उगाच सरळ केला. "एखाद्या आयतवारी कोणीतरी माझ्याकडे जेवूक येवं दे म्हाराजा."

होकार लगेच आला नाही. माझ्या शेजारी मंगेश डोळे मिटून उभा होता. आणि मग असा आवाज उठला की गाई हाकणारा थबकला. जुने, नवे, सर, प्राचार्य, इंग्रजीचे प्राध्यापक, आणि मीसुद्धा.

सामना कोण जिंकलं ते मला आठवत नाही. स्मरणिकेत तो इतिहास आम्ही गाऱ्हाण्यासारखाच छापला, सगळ्या नावांसकट. दोन पानांची पाच झाली तरी प्राचार्य काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही केरीला गेलो. दत्ता, मंगेश, आणखी तिघं, मी आणि माझा नवरा. माडांच्या सावलीतलं छोटं घर, खिडकीतून समुद्र ऐकू येत होता. पुंडलिकबाबांनी पहाटेच किनाऱ्यावर जाऊन बांगडे आणले होते आणि त्यांचं हुमण, म्हणजे माशांची आमटी, केलं होतं. घरातली ताटं पुरली नाहीत, दोघांना केळीच्या पानावर वाढलं. ते स्वतः पळी घेऊन वाढत फिरत होते. "तुमी जेवा, मी मगे," हे त्यांनी चौथ्यांदा म्हटलं तेव्हा दत्ताने त्यांचं मनगट धरलं आणि आपल्या आणि मंगेशच्या मधे खाली बसवलं. पळी मी घेतली.

ते थोडा वेळ भाताकडे बघत राहिले. इकडे एक ताट, तिकडे एक ताट. मग जेवू लागले, खाली मान घालून, भराभर. आम्ही सगळे मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत होतो. त्यांच्या ताटातला भात कोरडा पडला होता, मला दिसत होतं. पण मी हात आखडून उभी राहिले.

शेवटी त्यांनी मान वर केली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"बाय," ते म्हणाले, "माका आणि वायच हुमण घाल."